कोऱ्या तुकड्याचं वजन

मी सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर आहे. म्हणजे पार्टीने हातरुमालाएवढा तुकडा आणून दिला आणि ‘असाच रंग पाहिजे’ म्हटलं, की तोच रंग हजारो मीटर कापडावर उतरवून द्यायचा. हे काम करणारा माणूस संशयी होतो. जन्मजात असावं लागतं असं नाही. दोन-तीन लॉट बिघडले आणि शेठने सगळ्यांदेखत आरती ओवाळली, की आपोआप होतो. मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. आधी नमुना काढतो, उजेडात धरतो, शेजारी मूळ तुकडा ठेवतो आणि मग तोंड उघडतो.

त्यामुळे माझी बायको अनुसया उधना तीन रस्त्यावरून नारिंगी पावडरीची पाकिटं घेऊन आली आणि ह्याने वजन उतरतं म्हणाली, तेव्हा घरात वाजणार हे ठरलेलंच होतं.

तिला वजन का उतरवायचं होतं, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही तिला हौशी समजाल. गेल्या वर्षी आमच्या वैभवला डेंग्यू झाला. पोरगा आठवडाभर दवाखान्यात, हाताला सुई, डोळे खोल गेलेले. तेव्हा अनुसयाने कानबाईला नवस बोलला: पोरगं उठू दे, पुढच्या श्रावणात तुला माझ्याच डोक्यावर तापीवर नेईन, मध्ये कुणाच्या हातात देणार नाही. पोरगं उठलं. आता तो उठून दिवसभर मोबाइल बघतो, पण उठला हे खरं. आम्ही खान्देशातली माणसं, सुरतेत येऊन पंचवीस वर्षं झाली तरी श्रावणात कानबाई घरोघरी बसते. रविवारी तिची स्थापना, सोमवारी वाजतगाजत तापीवर विसर्जन. बाईमाणसांनी तिचा चौरंग डोक्यावर घेऊन जायचं. गल्लीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत, पुढे टेम्पो, आणि शेवटी ओवाऱ्याच्या, म्हणजे नदीच्या घाटाच्या, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत.

ह्या पायऱ्यांवरच सगळं अडलं होतं. अनुसयाचे गुडघे गेले वर्षभर असे दुखत की ती आमच्या घराचा जिनासुद्धा आडवी होऊन उतरायची. डॉक्टर म्हणाले, “गुडघे एवढे वाईट नाहीत, भार जास्त आहे. वजन कमी करा, चालत जा.” चालायचं तिने ऐकलं नाही, वजनाचं तेवढं ऐकलं. आपण सगळेच डॉक्टरचं अर्धं ऐकतो.

पाकिटं विकणाऱ्या हेतल मॅडम एका मोबाइलच्या दुकानावर बसत. भिंतीवर जाड्या बाईचा फोटो, शेजारी बारीक बाईचा फोटो, दोघींचे चेहरे वेगळे. “बेन, बधो कचरो नीकळी जशे,” त्या म्हणाल्या होत्या, म्हणजे अंगातला सगळा कचरा निघून जाणार. नियम असा: सकाळी एक पाकीट कोमट पाण्यात, दुपारी काकडी आणि ताक, संध्याकाळी दुसरं पाकीट. गहू बंद, ज्वारी बंद, तेल बंद, गोड तर नावच नको.

मी पाकीट फोडून वास घेतला. “दालचिनी, मेथी आणि सुंठ,” मी म्हणालो. “वर रंग. हा रंग मी दोन तासांत बनवून देतो.”

“तुम्हले रंगनं समजस. शरीरनं काय समजस?” अनुसया म्हणाली. ती चिडली की तिची अहिराणी धारदार होते.

“ठीक आहे. मग नमुना काढू.”

नमुन्याची कल्पना मला तिथेच सुचली आणि मी त्या कल्पनेवर बेहद्द खूश झालो. रंग चढतो की नाही हे पाहायचं, तर कापडाच्या एकाच ताक्यातून दोन तुकडे कापायचे. एक रंगात टाकायचा, दुसरा कोरा ठेवायचा. शेवटी दोन्ही शेजारी धरायचे. आमच्या घरात एकाच ताक्याचे दोन तुकडे होतेच. माझा धाकटा भाऊ मगन आणि मी, आमची लग्नं एकाच मांडवात झाली. अनुसया आणि मगनची बायको प्रमिलाबाई, दोघी जावा, एकाच दिवशी ह्या घरात आल्या आणि तेव्हापासून एकाच चुलीवरचं खातात. वजनही जवळजवळ सारखंच, गुडघेही दोघींचे कुरकुरणारे. अनुसयाने पावडर घ्यायची, प्रमिलाबाईंनी रोजचं जेवायचं. काहीही वेगळं करायचं नाही. आषाढ नुकताच लागला होता, श्रावणात कानबाई बसेपर्यंत बघायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी सरळ बोलत नाही. समोर आला की पदर पुढे ओढते, बाजूला होते. सुरतेत अनेक घरांत हे सुटलं, आमच्या घरात सुटलं नाही. कुणी मुद्दाम धरून ठेवलंय असंही नाही, पहिल्या दिवशी पडलं ते वळण तसंच राहिलं. पंचवीस वर्षांत मी प्रमिलाबाईंचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता, आणि त्यांचा माझ्याशी संवाद मगनमार्फत नाहीतर भिंतीमार्फत. म्हणून मी मगनला म्हणालो, “तिला सांग, कोऱ्या तुकड्याला काही करायचं नाही.”

मगनने आत जाऊन सांगितलं आणि परत आला. “बरं म्हणाली.”

वजन करायला आम्ही आनंदाकडे गेलो. आनंदाचं गल्लीच्या तोंडाशी चिंधीचं गोदाम आहे; साड्यांच्या कारखान्यांतली कातरण तो पोत्याने घेतो. त्याचा काटा मोठा आणि खरा. अनुसया काट्यावर चढली.

“हेमराज मास्टर, भाव कोणता लावू?” आनंदा म्हणाला. “कॉटनचा की पॉलिस्टरचा?”

“तुनी मायले इचार,” अनुसया काट्यावरून म्हणाली, आणि आनंदाने त्यानंतर विनोद जपून केले. प्रमिलाबाईंची पाळी आली तेव्हा मी रीतीप्रमाणे पाठ फिरवून रस्त्यावरची रिक्षा बघत उभा राहिलो. आकडा मगनने वाचला. जाताजाता गंमत म्हणून मीही एकदा चढून उतरलो.

पहिला आठवडा पावडरीचा होता. अनुसयाचा आकडा असा भराभर उतरला की ती घरात हलक्या पायांनी फिरू लागली. मलाही गप्प बसावं लागलं, आणि ते मला जमत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिची चिडचिड सुरू झाली. कुणी शेवया परतल्या तरी ती गच्चीवर जाऊन उभी राहायची. मन रमावं म्हणून संध्याकाळी ती प्रमिलाबाईंना घेऊन महादेवाच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागली. जेवणाच्या वेळेला घरात राहणं तिला सहन होत नव्हतं, एवढंच कारण. डॉक्टरांच्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग असा चुकून पाळला गेला.

माझे मात्र दिवस बरे चालले होते. दोघींनी भाकरी थापल्या की ताटात पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागल्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, सगळं माझ्या आणि मगनच्या पुढ्यात. मी कधी विचारलं नाही की हे उरतंय कुठून. आयत्या बिळावर नागोबा प्रश्न विचारत नाही.

कानबाईच्या आदल्या शनिवारी शेवटचं वजन. अनुसया नवी साडी नेसून आली होती, हेतल मॅडमना फोटो पाठवायचा होता म्हणून. ती काट्यावर चढली. साडेतीन किलो उतरलं होतं. ती हसली. मला, खरं सांगायचं तर, आत कुठेतरी बरं वाटलं. मग प्रमिलाबाई चढल्या, मी रिक्षांकडे तोंड केलं, आणि मागे मगन आकडा स्वतःशीच दोनदा पुटपुटला.

“काय रे?”

“दादा, हिचं पाच उतरलंय.”

आनंदाने काटा झटकला, पुन्हा चढवलं. पाचच. मी वळून पाहणार होतो, पण वेळेत आठवलं.

“एकाच ताक्याचे दोन तुकडे,” मी ओरडलो, “आणि कोरा जास्त रंगला? हे कसं होईल?”

“तुम्ही पण चढा मास्टर,” आनंदा म्हणाला. “एवढे लोक आलेत तर तुमचाही भाव काढू.” मी रागारागात चढलो. माझं तीन किलो वाढलं होतं. आनंदा पोत्यांवर बसून हसला. वैभवने त्याचा व्हिडिओ काढला, तो आमच्या गावाकडच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

घरी येऊन मी चौकशी लावली. मी पुढच्या खोलीत, मगन दारात, प्रमिलाबाई आत स्वयंपाकघरात. “विचार तिला, नेमकं काय केलं?” मी मगनला म्हणालो. उत्तर आतून आलं, भिंतीला उद्देशून; थोरल्या जावेला, म्हणजे अनुसयाला, त्या ‘बाई’ म्हणतात. “दादासले सांगा. बाई काकडी चावत बठस, तवय मना घशाखाले घास उतरस नही.”

म्हणजे कोरा तुकडा अर्धपोटी होता. वर संध्याकाळचं चालणं. म्हणजे सगळी करणी कमी खाण्याची आणि चालण्याची, पावडरीने नुसता तोंडाला नारिंगी रंग आणला. मी जिंकलो होतो. वरच्या दीड किलोचा हिशोब लागत नव्हता, पण जिंकणारा माणूस एवढं बारकाईने बघत नाही. मी पुढच्या खोलीत मोठ्याने भाषण केलं. उरलेली पाकिटं रंगपंचमीला वापरू, असंही म्हणालो.

मी अनुसयाकडे पाहिलं, तर ती गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

“मंग मना गुडघा कोनी बरा करा?” ती म्हणाली. “माले वाटे, पावडर शे तं जमी जाई. आते तं तीबी खोटी.”

“अगं, वजन तर उतरलंय ना. कुणी का उतरवेना.”

“तुम्हले जिंकानं व्हतं. जिंकनात.” ती उठली. “कानबाई टेम्पोतच राहू द्या. पायऱ्या कोनी पोर उतरी. मी नही.”

मला त्या क्षणी माझी जीभ चिंधीत घालून विकावीशी वाटली. नमुना खरा निघाला आणि अख्खा लॉट गेला. बाई रोज त्या कडू पाण्याच्या जोरावर पायऱ्या उतरायचं स्वप्न बघत होती, आणि मी ते भरल्या गल्लीत काट्यावर चढवून खोटं ठरवलं. वर्षभर तिने नवसाचा विषय काढला की तिचा आवाज बदलायचा, हे मला माहीत होतं. वैभव दवाखान्यात असताना ती कशी बसली होती, तेही मीच पाहिलं होतं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात आतून आवाज आला. ह्या वेळी तो भिंतीशी बोलत नव्हता, सगळ्या घराशी बोलत होता.

“कानबाई बाईनाच डोकावर जाई.”

एवढंच. मग भांड्यांचा आवाज पूर्ववत सुरू झाला.

रविवारी कानबाई बसली. नारळाला साडी नेसवली, दागिने घातले, केळीचे खांब लावले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून आधीच दळून आणले होते, त्याचे रोट झाले. ह्या रोटाचा नियम कडक असतो. तो घरच्यांनीच खायचा, बाहेर कुणाला घासही द्यायचा नाही, आणि टाकायचा तर नाहीच. संपेपर्यंत रोज तोच खायचा. हेतल मॅडमच्या नियमात गहू बंद होता. अनुसयाने तो नियम मोडला आणि भोपळ्याच्या भाजीशी, खिरीशी रोट खाल्ला. पण तिच्या खाण्यात जीव नव्हता.

सोमवारी सकाळी डफ वाजला, गल्लीतल्या बायका आल्या. अनुसयाने चौरंग डोक्यावर घेतला. मोठ्या रस्त्यापर्यंत ती चांगली चालली. टेम्पोत ती चौरंग मांडीवर घेऊन बसली, प्रमिलाबाई शेजारी. मी मागे मगनच्या मोटरसायकलवर, छत्री सांभाळत.

ओवाऱ्यावर पोचलो तर तापी काठोकाठ. पायऱ्या पावसाने ओल्या, कडेला शेवाळ. अनुसयाने पुन्हा चौरंग डोक्यावर घेतला आणि वरच्या पायरीवर उभी राहिली. उभीच राहिली. मागून बायकांचं गाणं चालू होतं, तिचा पाय उचलत नव्हता. एखाद्या पोरीला पुढे करावं म्हणून मी मान वळवली.

तेवढ्यात प्रमिलाबाईंनी पदर कमरेला खोचला, तिच्या पुढे झाल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि गर्रकन वळल्या. तोंड जावेकडे, पाठ नदीकडे. दोन्ही हात वर, चौरंगाला न लावता.

“मनाकडे दखा बाई,” त्या म्हणाल्या. “पायरीकडे नका दखू.”

आणि त्या उलट्या उतरू लागल्या. मागे एकदाही न पाहता. त्यांचं पाऊल मागे जायचं, पायरी आपसूक सापडायची, मग त्या थांबायच्या. अनुसयाचा पाय खाली यायचा. पुन्हा तसंच. अनुसयाचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. मीही पाहत राहिलो. पदर डोक्यावरून घसरला होता, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. केस कानाशी पांढरे झालेले, कपाळावर घाम, ओठ दातांखाली धरलेले. पंचवीस वर्षं एका घरात राहून मी ही बाई आज पाहत होतो.

एका दिवसात कुणाला असं उतरता येत नाही. हे मला कळतं, मी हातांना वळण लागताना रोज पाहतो. “मगन,” मी म्हणालो, “ही उलटी कशी उतरते रे?”

मगनने माझ्याकडे पाहायचं टाळलं. “महिना झाला, दादा. रोज पहाटे गच्चीचा जिना. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन कधी सुलटी, कधी उलटी. म्हणायची, बाई थांबली तर मी उचलीन, नवस एकाच घरातला आहे. आणि नाही थांबली तर तिच्यापुढे चालीन. बाईला सांगू नका म्हणाली.”

“मला तरी सांगायचं!”

“तू कधी विचारलंस? तू तर म्हणालास, कोऱ्या तुकड्याला काही करायचं नाही. ती घाबरली, दादा रागावतील म्हणून.”

माझ्या दीड किलोचा हिशोब लागला. खाली, अनुसयाचे पाय पाण्यात गेले होते. तिने चौरंग उतरवला नाही, आधी जावेच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि मग दोघी रडत हसू लागल्या. डफवाल्याला काही कळलं नाही, त्याने नुसता जोर वाढवला. मी छत्री मिटली आणि भिजत उभा राहिलो, कारण डोळे पुसायला हात मोकळा हवा होता.

घरी आलो तर हेतल मॅडमचा फोन. आधीचा आणि नंतरचा फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. अनुसया म्हणाली, “सगळ्यात जास्त मनी जाऊनं उतरनं. तिना लावा. फक्त तिनी तुमनी पावडर चाखी बी नही.” मॅडमनी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

मग जेवायला बसलो. ताटात कालचेच रोट. प्रमिलाबाई वाढायला आल्या, सवयीने पदर पुढे ओढू लागल्या. मी पंचवीस वर्षांचं वळण मोडलं. मान वर करून सरळ त्यांनाच म्हणालो, “प्रमिलाबाई, गुडघे दुखत नाहीत ना?”

मगनचा घास हातात राहिला. प्रमिलाबाई क्षणभर भिंतीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर सोडून दिला.

“नही दादा. आते नही दुखत.” आणि त्यांनी माझ्या ताटातला रोट उचलला, मधोमध मोडला आणि अर्धाच परत ठेवला. “आनंदाकडला काटा मी बी दखा व्हता. उरना तो आम्ही दोन्ही जनी खाई टाकसूत. तुम्हीन उद्याथून रोज जिना चढा.”